झुंबर पगाऱ्यांची वाइन

झुंबर पगारेला राग यायला वेळ लागायचा. देवळाली कॅम्पातल्या ऑफिसर्स मेसमध्ये त्याची उभी हयात गेली होती, आणि तिथं राग गिळल्याशिवाय नोकरी टिकत नसे. भांडी घासणारा मसालची म्हणून लागला, पुढं अब्दार झाला. मेसमधली दारूची कपाटं, ग्लास, बर्फ, सगळं अब्दाराच्या ताब्यात असायचं. तिथं गोव्याचा एक म्हातारा बटलर होता. त्यानं झुंबरला द्राक्षाची वाइन घरी कशी करायची ते शिकवलं. बटलर गावी गेला, झुंबरला पेन्शन लागलं, पण तो नाद काही सुटला नाही. स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत चिनी मातीच्या बरण्या उभ्या असायच्या. परवाना नव्हता, त्यामुळे गाजावाजाही नव्हता.

बायकोला, सुलाबाईला, हे बिलकूल पसंत नव्हतं. ती पौर्णिमेला विहारात जाऊन यायची आणि आल्या आल्या विचारायची, "पाचवं शील काय म्हणतं?"

"मी कुठं पितो? जिभेवर घेतो अन् थुंकतो."

"मग थुंकायची वस्तू करायचीच कशाला?"

त्याच्या हाताला ते काम आवडायचं, एवढंच.

नाथा दिंडोरीकडचा बागायतदार. मेसला भाजी पुरवायचा, तेव्हापासूनची ओळख. व्यापारी घेत नाही ते घडातून सुटलेले मणी तो दर हंगामात झुंबरला आणून द्यायचा आणि वर्षानं येऊन बाटली घेऊन जायचा. चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये तो आला तो बसायच्या आधीच बोलायला लागला.

"झुंबरभाऊ, आपण कारखाना काढू. छोटाच. जमीन माझी. परवाना माझ्या नावावर लागेल, कारण सातबारा माझा. पण वाइन तुमच्या हातची. बाटलीवर दोघांची नावं."

झुंबर हसला. पण नाथा हसत नव्हता.

"आधी फिरून बघू," तो म्हणाला. "कोण काय करतं, कसं करतं. सातपूरला बिअरचा कारखाना बघू, तिकडून पेठला जाऊ, आणि शेवटी वणीला माझ्या सासऱ्यांकडं. तात्यांनी मनावर घेतलं की काम झालं."

त्यानंतर झुंबरला दोन दिवस धड झोप आली नाही. बाटलीवर नाव! मेसमध्ये इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाच्या बाटल्या पुसल्या होत्या त्यानं. त्यानं बरण्यांतली जुनी, निवळलेली वाइन बाटल्यांत भरली, बुचं घट्ट बसवली, बाटल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि इस्त्रीचा सदरा घालून नाथाच्या जीपमध्ये बसला.

बिअरच्या कारखान्यात नाथाच्या ओळखीचा एक केमिस्ट होता. त्यानं दोघांना आतून सगळं फिरवून दाखवलं. भिजलेल्या जवाचा उबट वास, पुरुषभर उंचीच्या टाक्या, दात वाजावेत अशी थंडगार खोली. झुंबर टाकीवर तळहात ठेवून उभा राहिला. आत काहीतरी चाललंय हे त्याला हाताला कळत होतं, आणि ते आपल्या बरणीत चालतं तेच आहे याचा त्याला केवढा आनंद झाला!

केमिस्टनं त्यांची बाटली उघडली, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला. "छान आहे हो. कोणी केली?"

"यांनी," नाथा म्हणाला. "हे आमचे झुंबरभाऊ."

केमिस्टनं झुंबरचा हात हातात घेतला. मग दोघं खमिराबद्दल, उन्हाळ्यातल्या उष्णतेबद्दल, बुचांबद्दल असे बोलत बसले की नाथाला शेवटी हॉर्न वाजवावा लागला.

रात्री पेठला मुक्काम करून सकाळी ते रस्त्यापासून आत एका पाड्यावर गेले. तिथं बायडाबाई राहायची. मोहाची दारू गाळण्यात तिच्यासारखी दुसरी बाई त्या डोंगरात नाही, असं नाथानं ऐकलं होतं. बाई काटक, पांढऱ्या केसांची, कोकणा समाजाची. मडक्यावर मडकं चढवलेलं, सांधा चिखलानं लिंपलेला, खाली मंद जाळ. तिनं तिघांसाठी सारख्या वाट्या काढल्या आणि स्वतःही मांडी घालून समोर बसली.

झुंबरच्या वाइनची वाटी तिनं सावकाश रिकामी केली. "कोण करतं ही?"

"आम्ही करतो," नाथा म्हणाला.

झुंबरनं त्याच्याकडं पाहिलं. आता दोघांचा कारखाना निघायचा, म्हणून म्हणाला असेल. त्यानं ते तिथंच सोडून दिलं.

थोड्या वेळानं नाथा जीपकडं गेला, तेव्हा बायडाबाईनं झुंबरला विचारलं, "दादा, तूच करतोस ना?"

"कशावरून?"

"मी पीत होते तवा तू माझ्या तोंडाकडं बघत होता. तो रस्त्याकडं बघत होता." मग म्हणाली, "बरी हाय तुझी. घाई नाय केली तू."

निघताना तिनं त्याला एक बाटली दिली. बदल्यात त्यानं आपली दिली.

जीप ननाशीच्या रस्त्यानं वणीकडं निघाली. नाथा समोर बघतच म्हणाला, "झुंबर, तात्या जुन्या वळणाचे आहेत. तिथं जरा कमी बोल."

कालपर्यंतचा 'भाऊ' आणि 'तुम्ही' कुठंतरी घाटात गळून पडले होते. झुंबरच्या ते लक्षात आलं. "कमी म्हणजे?"

"म्हणजे मी बोलतो."

नाथाचे सासरे केरू तात्या वणीच्या बाहेर मळ्यात राहत. ओसरीवर सतरंजी टाकलेली, दोन बागायतदार पाव्हणे आधीच येऊन टेकलेले. झुंबर बाटल्या घेऊन पायरी चढणार, तोच नाथानं त्या त्याच्या हातातून घेतल्या आणि पुढं झाला. तात्यांनी झुंबरकडं हनुवटी उडवली. "ह्यो कोण?"

"आपलाच माणूस. कॅम्पातला."

"गडी हाय का?"

"हां, तसंच समजा."

झुंबर पायरीवरच थबकला. कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याला नीट ऐकू आलं नसेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण नीटच ऐकू आलं होतं. तो अंगणात लिंबाखाली जाऊन बसला. तात्यांच्या बायको, साळूबाई, पाण्याचं फुलपात्र घेऊन आल्या. चेहऱ्यानं मायाळू बाई. "लय लांबून आलात. आडनाव काय तुमचं?"

"पगारे."

पुढं आलेला हात तसाच मागं गेला. साळूबाई घरात गेल्या, तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ओंजळ धरा."

ओंजळ! मेसमध्ये ब्रिगेडियरच्या हातात त्यानं ग्लास दिला होता. जनरलच्या बायकोनं त्याच्या हातचं सरबत मागून घेतलं होतं. झुंबरनं हात मांडीवरून उचलले नाहीत. "तहान नाही मला," तो म्हणाला. साळूबाई तांब्या घेऊन गेल्या. त्यांच्या तोंडावर रागही नव्हता, लाजही नव्हती. रोजचंच काम होतं ते त्यांचं, आणि त्यानंच झुंबर जास्त पेटला.

ओसरीवरून हसण्याचे आवाज येत होते. तात्या म्हणत होते, "जावईबापू, ही तर इलायतीला मागं सारील! कोणी शिकवली तुम्हाला?"

"मीच केली," नाथाचा आवाज आला. "चार वर्षं झटलो, तात्या. बरण्या फुटल्या, माल नासला, पण सोडलं नाही." मग त्यानं मोठ्यानं हाक मारली, "झुंबऱ्या! गाडीतली दुसरी बाटली आण रे!"

झुंबर उठला आणि जीपपाशी गेला. गोणपाटाला हात लावला, पण बाटली काढली नाही. वाट बघून नाथाच खाली आला.

"काय झालं?"

"वाइन कोणी केली, नाथाभाऊ?"

नाथानं मागं वळून ओसरीकडं पाहिलं. "हळू बोल. हे फक्त इथपुरतं आहे. कारखाना उभा राहू दे, मग सगळं ठरल्यासारखंच होईल."

"माझं नाव का नाही सांगितलं?"

"तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी ती ओठाला तरी लावली असती का? तूच सांग. व्यवहाराचं बघावं लागतं, झुंबर."

झुंबरला वाटलं होतं की नाथा ओशाळेल, काहीतरी सबब सांगेल. पण त्यानं सबब सांगितलीच नाही. सरळ हिशोब सांगितला, आणि त्या हिशोबात झुंबरनं मान डोलवावी अशी त्याची अपेक्षा होती. इतक्या वर्षांचा गिळलेला राग झुंबरच्या छातीत एकदम उभा राहिला. तो नाथाला बाजूला सारून निघाला, पायऱ्या चढला आणि थेट सतरंजीच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"तात्या, जय भीम. मी झुंबर पगारे, देवळाली कॅम्प. मी गडी नाही. तुम्ही पिताय ती वाइन माझी आहे."

एका पाव्हण्याचा ग्लास ओठापाशीच थांबला.

"द्राक्षं मीच तुडवली," झुंबर म्हणाला. त्याचा आवाज थरथरत होता आणि त्याला त्याची पर्वा नव्हती. "टबात उभं राहून, ह्या पायांनी. नाथाभाऊंनी पाहिलंय. विचारा त्यांना."

तात्यांनी जावयाकडं पाहिलं. नाथानं मान खाली घातली. तेवढं पुरलं. एक पाव्हणा उठून मोरीकडं धावला आणि चुळा भरायला लागला. दुसऱ्यानं हातातल्या ग्लासाकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि गुपचूप तो पिऊन टाकला. तात्यांचा चेहरा लाल झाला होता, पण ते झुंबरशी एक शब्दही बोलले नाहीत. बोलायलाही तो त्यांच्या लेखी तिथं नव्हता. ते ओरडले नाथावर. "माझ्या ओसरीवर मला बाटवलं? सोयरीक केली म्हणून घर इकत घेतलं का रं?"

झुंबर खाली उतरला. उरलेल्या बाटल्या गोणपाटासकट खांद्यावर टाकल्या आणि वणीच्या स्टँडची वाट धरली. ऊन मरणाचं होतं. थोड्या वेळानं मागून जीप आली आणि शेजारून हळूहळू चालू लागली.

"झुंबरभाऊ, बसा."

'भाऊ' परत आला होता. झुंबर चालतच राहिला.

"बसा म्हणतो ना! माझं वाटोळं केलंत तुम्ही. सासऱ्यानं दार बंद केलं मला. काय मिळवलंत?"

झुंबर थांबला. "तुझ्या सासऱ्याचा मला राग नाही इतका. तो जसा आहे तसा आहे, असली माणसं मला माहीत आहेत. तू माझ्या घरात जेवलास. माझ्या बायकोच्या हातची भाकरी खाल्लीस. तुला लाज वाटली ती माझी. मग भाकरी खाताना का नाही वाटली?"

"लाज नाही हो, व्यवहार..."

"व्यवहारच सांगतो मग. तुझ्या जीपमध्ये मी बसणार नाही. जा."

नाथा शिव्या देत निघून गेला. झुंबर एसटीनं नाशिकला आला, तिथून कॅम्पात. सुलाबाईला त्यानं सगळं सांगितलं. आता पाचव्या शीलाचं निघणार, असं त्याला वाटत होतं. पण ती ताडकन उभीच राहिली. "तुमची दारू मला नको, कधीच नको होती. पण तुमच्या हातचं काम दुसऱ्यानं आपलं म्हणून मिरवायचं, आणि तुम्ही अंगणात बसायचं? बरं केलंत. मी असते तर बाटल्या तिथंच फोडल्या असत्या."

पुढच्या हंगामात झुंबरनं मार्केट यार्डातून स्वतः द्राक्षं आणली. महाग पडली. थोडीच केली, पण केली. आणि वर्षातून एकदा तो बसनं पेठला जाऊन बायडाबाईकडं बसून यायचा. दोघं एकमेकांची बाटली उघडायचे आणि चवीत भरपूर चुका काढायचे.

नाथा वर्षभरानं आला. कारखाना निघालाच नव्हता. सासऱ्यानं हात काढून घेतला, परवान्याचं काम अडलं, आणि शेवटी त्यानं सगळी द्राक्षं बेदाण्याला दिली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. सुलाबाईनं पाण्याचा ग्लास आणून दिला. तो त्यानं एका दमात संपवला.

"चुकलं माझं, झुंबरभाऊ," तो म्हणाला. खरंच म्हणत होता. डोळ्यांत पाणी होतं.

"इथं कशाला सांगतोस? वणीला चल. तात्यांच्या ओसरीवर, त्याच पाव्हण्यांना बोलव, आणि त्यांच्यासमोर सांग."

नाथानं हातातला ग्लास फिरवला. "ते जमायचं नाही. तुम्हाला माहीत आहे. बायको आहे, पोरं आहेत, नातं आहे."

"मग राहू दे."

"मी माफी मागतोय ना?"

"माझा अपमान चार माणसांत केलास, माफी माझ्या घरात दार लावून मागतोस. मला नको ती."

नाथानं सुलाबाईकडं पाहिलं. ती काहीतरी मध्ये बोलेल, असं त्याला वाटलं असावं. तिनं त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि आत गेली. नाथा उठला. जीपच्या मागच्या बाजूला त्यानं द्राक्षांच्या दोन पेट्या आणल्या होत्या. त्या उतरवू का, असं त्यानं दारातून विचारलं. झुंबरनं नको म्हणून सांगितलं, आणि गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत तो दारातच, मुठी आवळून उभा राहिला.