बेवारस फळी

त्या घरात बसणं म्हणजे आजारपण. लाँड्रीवाल्यांचं घर ते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि माणसं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभी. इस्त्री बसून होत नाही, चादरींच्या घड्या बसून होत नाहीत, आणि गिऱ्हाइकाशी बसून बोलणं तर बाबांच्या मते महापाप. दुकानात खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकांसाठी. घरातलं कुणी तिला नुसतं टेकलेलं दिसलं तरी बाबा विचारायचे, "काय, ताप आला का?" त्यामुळे मुलगा पलंगावरून उठेनासा झाला तेव्हा तो आजारी आहे, हे त्यांनी मानलं. पुष्कळ घरांत तेवढंही मानत नाहीत, म्हणून हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मुलाला सगळे बटण्या म्हणत. रांगत होता तेव्हा त्याने एका वकीलसाहेबांच्या कोटाचं बटण गिळलं होतं. मग ते बाहेर येईपर्यंत आईने कुठे कुठे आणि काय काय शोधलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. बटण सापडलं, उकळत्या पाण्यातून काढलं आणि कोटाला परत लागलंही. वकीलसाहेब अजून तोच कोट घालून येतात, आणि आई त्यांच्याशी बोलताना भिंतीकडे बघते.

आता बटण्या कॉलेजात जायच्या वयाचा होता, पण जाईनासा झाला होता. कारण विचाराल तर काही घडलं नव्हतं. परीक्षा बुडाली नव्हती, कुणी मुलगी सोडून गेली नव्हती. दिवसेंदिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि जेवायला हाक मारली की "नको" म्हणायचा. बाबांनी आधी चेष्टा केली, पलंगाला मुळं फुटली म्हणाले. मग ओरडून पाहिलं. मग एका दुपारी त्यांनी इस्त्री बंद केली आणि म्हणाले, "चल, डॉक्टरकडे जाऊ." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की बटण्या मुकाट्याने उठला.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी बटण्याशी एकट्याशी बराच वेळ बोलून घेतलं, मग आईबाबांना आत बोलावलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

"गुण यायला काही आठवडे लागतील," त्या म्हणाल्या. "आणि एक नीट ऐका. या वयाच्या काही मुलांना सुरुवातीला उलटंच होतं. बेचैनी वाढते, झोप उडते, नको ते विचार जोर धरतात. अंगात बळ आधी येतं, मन मागून येतं. त्या मधल्या काळात लक्ष ठेवा. काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा, पुढच्या भेटीची वाट बघू नका."

बाबांनी यातलं 'अंगात बळ येतं' तेवढं घट्ट धरून ठेवलं. आईने सगळं ऐकलं होतं. पण लक्ष कशावर ठेवायचं, हे तिने आपल्या घराच्या रीतीने ठरवलं. ती पलंगावर लक्ष ठेवून राहिली.

आणि एका सकाळी पलंग रिकामा दिसला. आई धावत दुकानात गेली, तर बटण्या इस्त्रीसमोर उभा! शर्टांचा ढीग अर्ध्यावर आला होता आणि बाबा दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात गुणगुणत होते.

त्यानंतर बटण्याने कामाचा नुसता फडशा पाडला. चादरींच्या घड्या घातल्या, कपाटं पुसली, वर्षानुवर्षं गुंतलेले हँगर सोडवले. जेवायचा तोही उभ्यानेच, आणि मध्येच ताट ठेवून दारापर्यंत जाऊन यायचा. बाबांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. "गोळी आहे की जादू!" ते म्हणायचे. "अहो, बसत नाही पोरगं एक मिनिट! बापावर गेलंय."

त्याच सुमाराला हॉटेलच्या चादरींचं मोठं काम आलं आणि डॉक्टरीणबाईंच्या भेटीचा दिवसही नेमका तेव्हाच पडला. बाबांनी फोन करून भेट पुढे ढकलली. "डॉक्टर आजाऱ्यांसाठी असतात," ते आईला म्हणाले. "आपला तर पळतोय."

आईला हे पळणं काही गोड वाटत नव्हतं. का, ते तिला सांगता येत नव्हतं. मुलगा उठला, कामाला लागला, हे खरं, पण तिने पाहिलं होतं, तो एकच उशीचा अभ्रा पुन्हा पुन्हा इस्त्री करतो. बोलताना एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलतो. भिंतीपलीकडून त्याच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या आणि सकाळी त्याचे डोळे रात्रभर वाऱ्यात राहिल्यासारखे लाल दिसायचे.

"बरं वाटतंय ना रे?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत मागच्या खोलीत निघून गेला.

तिने बाबांजवळ विषय काढला. "मला भीती वाटते हो."

"तुला ना, सुख टोचतं," बाबा म्हणाले. "झोपला तर रडायचं, उठला तर घाबरायचं. पोराने करावं तरी काय?"

ती गप्प बसली. म्हणजे उभीच होती, पण गप्प.

दुकानाच्या अगदी मागे, पाण्याच्या टाकीच्या वर एक फळी होती. जे कपडे न्यायला कुणीच येत नाही, ते तिच्यावर जायचे. घरात तिला बेवारस फळी म्हणत. माणसं गाव सोडतात, विसरतात, कधी कधी मरतातही, कपडे तेवढे मागे राहतात. बाबांचा नियम असा की फळीवर चढणाऱ्या कपड्यावरची नावाची चिठ्ठी काढून टाकायची. आता तो कुणाचाच नाही. वर्ष उलटलं की सगळे कपडे गाठोड्यात बांधून वृद्धाश्रमात द्यायचे.

त्या दुपारी बाबा मशीन दुरुस्त करणाऱ्याला आणायला गेले होते आणि बटण्या ढकलगाडीवरून हॉटेलात चादरी पोचवायला. एक बाई आपला विसरलेला कोट मागायला आल्या, म्हणून आई स्टुलावर चढून बेवारस फळी चाळू लागली. कोट मिळाला. त्याच्या शेजारी एक नवी चळत होती. कडक इस्त्री, कोपऱ्याला कोपरा जुळलेला. आपल्याकडे इतकी सुरेख घडी फक्त बटण्या घालतो, असं कौतुक तिच्या मनात येतंय तोवर सगळ्यात वरचा निळा स्वेटर तिने ओळखला. तो तिने स्वतः विणला होता. खाली त्याचे शर्ट होते, पँट्स होत्या, कॉलेजच्या पहिल्या दिवशी घातलेलं जाकीटही होतं. एकावरही चिठ्ठी नव्हती.

कोटवाल्या बाईंनी नंतर सगळ्यांना सांगितलं की लाँड्रीवाली पैसे न घेता, दुकान उघडं टाकून, चपला न घालता पळत सुटली. खरं आहे ते. देवा, एवढं एकदा वाचव, एवढं एकदा, असं ती मोठमोठ्याने म्हणत होती आणि आपण म्हणतोय हे तिला माहीत नव्हतं.

हॉटेलात म्हणाले, चादरी कधीच पोचल्या, मुलगा गेला. ती पुन्हा रस्त्यावर आली. मग मागच्या गल्लीतून तिला त्यांच्या ढकलगाडीचं कुरकुरणारं चाक ऐकू आलं. त्या चाकाला तेल घाला म्हणून ती बाबांच्या किती मागे लागली होती! नशीब, त्यांनी ऐकलं नव्हतं. बटण्या रिकामी गाडी ढकलत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता, वळत होता आणि परत येत होता. अंगातला शर्ट घामाने चिंब झाला होता.

तिने त्याला थांबवलं नाही. का ते तिलाही कळलं नाही, पण ती त्याच्या शेजारून चालू लागली आणि गाडीच्या दांड्यावर आपलाही हात ठेवला.

"फळीवर तुझे कपडे बघितले," ती म्हणाली.

त्याने गाडी गल्लीच्या टोकाशी नेऊन वळवली.

"आई, पाय थांबत नाहीत गं," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "उभा राहिलो की आतून कुणीतरी ढकलतं. बसलो की वाटतं, ही कातडी काढून फेकावी. झोप नाही, काही नाही. मला मरायचं नाहीये. फक्त हे थांबायला हवंय. आणि दुसरं काही सुचत नाही."

"राजा, मग बोलला का नाहीस?"

"बाबा किती खूश होते."

आईच्या काळजाला घरं पडली. पण रडायला नंतर वेळ होता. एका हाताने गाडी ढकलत, दुसऱ्या हाताने तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि जे होतं ते सगळं सांगितलं, फळीसकट.

"आत्ताच्या आत्ता घेऊन या," त्या म्हणाल्या. "त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. चालत येतोय तर चालत येऊ द्या."

तसे ते चालत गेले, रिकाम्या ढकलगाडीसह. रस्त्यात लोक बघत होते. बघेनात का.

डॉक्टरीणबाईंनी त्याला 'बस' म्हटलं नाही. त्या दवाखान्याच्या बोळात त्याच्याबरोबर फेऱ्या मारत बोलल्या. कपड्यांबद्दल, मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, आणि तोही सरळ बोलला. "हे तू नाहीस. हा गोळीचा त्रास आहे आणि यावर इलाज आहे," त्या म्हणाल्या, तेव्हा त्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

एवढ्यात बाबा आले. शेजारच्या दुकानदाराकडून कळलं होतं त्यांना. आईने चार वाक्यांत सांगितलं तसे ते गोळ्यांच्या नावाने बोटं मोडू लागले. "गटारात फेकतो सगळ्या! आजपासून एकही गोळी नाही!"

"असं परस्पर काही करायचं नाही," डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या. "मूळ आजारही खराच आहे, विसरू नका. ही गोळी मी बदलते, बेचैनीसाठी वेगळं औषध देते. औषधं आईंच्या ताब्यात राहतील. कुणीतरी सतत त्याच्याजवळ हवं, आणि मी रोज बोलणार आहे. जमणार नसेल तर इथे दाखल करू."

"जमेल," बाबा म्हणाले. मग भिंतीला हात टेकून हळूच म्हणाले, "मला वाटलं, पोरगं बरं झालं. सगळ्यांना सांगत सुटलो मी."

आईला त्यांच्यावर ओरडायचं होतं. शब्द ओठांवर आले होते, हक्काचे होते. तिने ते गिळले, कारण पलंगावर लक्ष ठेवून बसलेली तीच होती.

मग दुकान बंद राहिलं. दारावर पाटी न लावता बंद राहिलं आणि हॉटेलचं काम गेलं. कधी आई, कधी बाबा, बटण्याबरोबर गाडी ढकलत चालत राहिले. औषध बदललं म्हणून भीती लगेच सरली नाही. चाक कुरकुरायचं थांबलं की आई दाराकडे धावायची. पण येरझाऱ्या कमी होत गेल्या. एके दिवशी तो ताट संपेपर्यंत ताटासमोर राहिला. फळीवरचे कपडे बाबांनी स्वतः उतरवले, प्रत्येकाला चिठ्ठी लावली, प्रत्येक चिठ्ठीवर मुलाचं नाव लिहिलं, आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांत अगदी पुढे टांगून ठेवले.

दुकान पुन्हा उघडलं त्या आठवड्यात वकीलसाहेब आले. आईने भिंतीकडे बघत कोट घेतला. बटण्या आतून बाहेर आला, गिऱ्हाइकांच्या खुर्चीपाशी घुटमळला आणि बसला. मागे टेकला. पाय हलत नव्हते. बाबांचा इस्त्रीवरचा हात जागीच थांबला.

"काय हो," वकीलसाहेब काळजीने म्हणाले, "मुलाला बरं नाही वाटतं? बसलाय तो."

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"हो ना," ते म्हणाले. "बसलाय. बघा तरी, कसा बसलाय."