मानमोडी

हेमलता परांजपे दिल्लीत एका सरकारी कृषी संशोधन केंद्रात भाताच्या रोगांवर काम करत असे. जमिनीतून सिलिका आणि पालाश नीट मिळालं तर पानांची साल टणक होते आणि करप्याची बुरशी सहज आत शिरत नाही, हे तिनं कुंड्यांमध्ये पाहिलं होतं. शेतात मात्र कुणी तिला ते करून पाहू देत नव्हतं.

फौजेतले हवालदार संपतराव तिच्याकडे आले ते कॅन्टोन्मेंटमधून, सायकलवरून, हँडलला पत्र्याचा डबा अडकवून. मावळातलं त्यांचं गाव धरणात गेलं होतं. डब्यात शेवटच्या हंगामातलं घरचं भात होतं. तसलं बियाणं आता कुणाकडेच उरलेलं नव्हतं; ते पुन्हा पिकवून द्यावं म्हणून ते आले होते.

"वासाचं आहे. पण करप्याला फार नाजूक," ते म्हणाले. "आमची म्हातारी दरवर्षी वाफ्यात चुलीतली राख टाकायची."

हेमलतानं थोडं बी उगवून पाहिलं. जेमतेम उगवलं. बी जुनं झालं होतं. आणखी एक वर्ष ते टिकणार नव्हतं. म्हणून केंद्राच्या एका छोट्या वाफ्यात सगळंच पेरायचं ठरलं; तेवढ्याला कुणी अडवलं नाही. रोपं लावताना तिनं चिखलात सिलिकासाठी तुसाची राख आणि पालाश मिसळलं, युरिया हात आखडून दिला. रविवारी संपतराव बायकोला, द्वारकाबाईंना, घेऊन यायचे आणि दोघं वाकून तण काढायची.

श्रावणात शेजारच्या वाफ्यांत करपा आला. पानं डोळ्याच्या आकाराच्या ठिपक्यांनी भरली. संपतरावांचं भात हिरवंगार उभं होतं. वरिष्ठसुद्धा येऊन बघून गेले. "बिल्कुल साफ है," म्हणाले. हेमलताला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी ती खूश होती.

भात पोटरीत आलं, लोंब्या अजून पानाच्या आतच होत्या, तेव्हा आभाळ भरून आलं. रात्री गारठा पडू लागला. हीच करप्याची हवा.

"ताई, औषध मारून घेऊ का एकदा?" संपतरावांनी विचारलं.

"औषध मारलं तर राखेनं काय केलं ते कळणारच नाही. पानं बघा ना, एक ठिपका नाही."

"तुम्ही म्हणाल तसं."

द्वारकाबाई बांधावर उभ्या होत्या. त्या फुगलेल्या पोटऱ्यांकडे बघत होत्या.

झिमझिम थांबेचना. लोंब्या बाहेर पडल्या आणि त्यांच्या मानेशी काळपट कडं दिसलं. बुरशीनं पानं सोडून मान धरली होती. हेमलतानं त्याच दुपारी स्वतः पंप पाठीवर घेऊन औषध मारलं. उपयोग नव्हता, हे तिला मारतानाच माहीत होतं. लोंब्या पांढऱ्या पडल्या, मानेत मोडून लोंबू लागल्या. खाली पानं तशीच हिरवी.

कापणीला संपतराव द्वारकाबाईंना घेऊन आले. एकेक लोंबी तळहातावर चोळून फुंकर मारत राहिले. सगळं उडून जात होतं. वाफा संपेपर्यंत ते थांबले नाहीत. हाती आले ते चार-दोन दाणे, तेही अर्धवट भरलेले. हेमलतानं ते ओल्या कागदावर ठेवले. पुढच्या रविवारी दोघं पुन्हा वाफ्यावर आली, तोवर एकही उगवला नव्हता.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली.

संपतरावांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "ताई, ह्याचा वास कसा होता, ते तुमच्याकडं लिहून घेतलंय का?"

"नाही. मी तो भात शिजवलेला कधी पाहिलाच नाही."

"आमच्या पोरी दिल्लीतच जन्मल्या. त्यांनाही आठवायचा नाही." ते सांगायला लागले. "म्हणजे असं बघा, झाकण काढलं की..." आणि थांबले. द्वारकाबाईंकडे वळून म्हणाले, "कसा गं होता?"

द्वारकाबाईंनी बराच विचार केला. "चांगला होता," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून बांधावर खाली बसल्या.

वर्षअखेरच्या अहवालात हेमलताच्या प्रयोगाला यश मिळाल्याची नोंद झाली. पानांवरचा करपा खरोखरच कमी झाला होता. पुढच्या हंगामासाठी तिला मोठं शेत मिळालं. ते नको म्हणायला ती वरिष्ठांच्या खोलीपर्यंत गेली, आणि दारातूनच परत फिरली.