तेलाच्या डब्यातला आंबा

डब्याच्या बुडाला गंजून पडलेल्या भोकातून एक मूळ बाहेर आलं होतं. सुतळीएवढं जाड, तपकिरी. त्याचं टोक दिसत नव्हतं. ते जमिनीत गेलं होतं.

किडेन खराटा धरून वाकून बघत राहिली. डबा मदत संस्थेनं वाटलेल्या तेलाचा. दक्षिण सुदानमधलं घर सोडून युगांडात येताना, दारच्या आंब्याचं शेवटचं फळ तिनं वाटेत खाल्लं होतं. कोय इथं डब्यात लावली. परत जाताना डोक्यावर घेता येईल म्हणून. शिवाय त्यांच्या गावात दारच्या झाडाचा खड्डा घरधनी खणायचा. बाई खणायची ती विधवा झाल्यावरच.

रोज झाडताना ती डबा उचलायची. गुडघे दुखू लागल्यापासून मात्र त्याच्या भोवतीनंच झाडत होती.

“आठ वर्षांचं झाड आणि उंची बकरीएवढी!” कुंपणापलीकडून शेजारची ज्वान म्हणाली. “मालकिणीसारखंच. धड बसत नाही, धड उठत नाही.”

“लाडोला येऊ दे. दोघं मिळून नेऊ.”

लाडो तिचा नवरा. ‘गुरं सोडवून मागोमाग येतो’ म्हणाला होता.

तेवढ्यात संस्थेचा अयिको मोजणीची दोरी घेऊन आला. घराला लागून शेतीसाठी जमीन आखून देण्याचं काम त्याच्याकडे होतं. किडेननं दोनदा त्याला परत पाठवलं होतं.

“मावशी, आज शेवटचं विचारतो. धान्य निम्म्यावर आलंय. देणाऱ्या देशांनी हात आखडलाय, पुढं तेवढंही येईल असं नाही. काहीतरी पेरा.”

“पेरलं की कापणीपर्यंत थांबावं लागतं, बाळा.”

“आणि न पेरता आठ वर्षं थांबलीसच की!” ज्वान म्हणाली.

अयिकोनं दोरी ताणून पाहिली. ती नेमकी आंब्यावरून जात होती. अयिकोनं डबा सरकवायला हात घातला. तो हलला नाही. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि कमरेचा कोयता काढला.

“एकच मूळ आहे. छाटू?”

“थांब.”

तिनं मुळावर तळहात ठेवला. ओल लागली. उत्तरेकडच्या रस्त्यावर एक सायकल येत होती. ती जवळ येईपर्यंत किडेन तिकडं बघत राहिली. सायकलवाला पुढं निघून गेला.

“मूळ राहू दे,” ती म्हणाली. “डबा काप.”

“बरं. खड्डा मी खणून देतो, कुदळ आणतो.”

ज्वानची थट्टा थांबली होती. नवरा वारल्यावर तिनं आपल्या दारचा खड्डा स्वतःच खणला होता. तिनं आपली कुदळ कुंपणावरून पुढं केली. अयिकोनं हात लांबवला, पण किडेननं ती आधी घेतली.

“नको रे,” ती म्हणाली. “खड्डा मी खणते.”