आधी रेडिओ बंद करा

फोन उचलल्यावर मी तीन गोष्टी विचारते: नाव काय, कुठून बोलताय, काय बोलायचंय. आणि चौथी सांगते, आधी रेडिओ बंद करा. अकरा वर्षं हेच काम. आमच्या रेडिओवर दुपारी तीन ते सहा कीथचा खेळांचा कार्यक्रम असतो, आणि बफेलो शहरातल्या ज्या कुणाला आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाबद्दल काही म्हणायचं असतं त्याला आधी माझ्याशी बोलावं लागतं. प्रत्येकालाच काही ना काही म्हणायचं असतं.

रेडिओ बंद करायचं कारण साधं आहे. फोनवरचं बोलणं सात सेकंद उशिरा बाहेर जातं. कुणी शिवी दिली तर ती कापायला तेवढा वेळ लागतो. हरल्यानंतरच्या सोमवारी तोही पुरत नाही. घरात रेडिओ चालू असला तर माणसाला आपलंच बोलणं मागाहून ऐकू येतं आणि तो बोलता बोलता अडखळतो.

लॅकवॉनाचा युजीन रेडिओ कधीच बंद करत नसे. पोलादाच्या कारखान्यात आयुष्य काढलेला, आता ऐंशीच्या आसपास. तीन वीसला त्याचा फोन.

"युजीन, रेडिओ."

"बारीक केलाय."

"मला ऐकू येतोय."

"तुझे कान चांगले आहेत, रोझान. देवाची कृपा समज."

आणि तीन चाळीसला टोनावांडाच्या विल्माचा फोन. त्याला उत्तर द्यायला.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी कामाला लागले त्याच हिवाळ्यात, बाद फेरीच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी मागे होतो. चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार प्रयत्न मिळतात. तीन झाले होते आणि एकच यार्ड उरलं होतं. प्रशिक्षकाने धावायचं सोडून किक मारायला लावली; दोन खांबांमधून गेली की तीन गुण. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला.

युजीन म्हणायचा, "एक यार्ड म्हणजे माझ्या जेवणाच्या टेबलाएवढं. मी नुसता पडलो असतो तरी पलीकडे गेलो असतो."

विल्मा म्हणायची, "त्या लॅकवॉनाच्या गाढवाला सांगा, निर्णय बरोबरच होता. पाय चुकला, डोकं नाही."

अकरा वर्षं. मधल्या काळात प्रशिक्षक बदलले, तो किक मारणारा आता कुठेतरी घरं विकतो म्हणे, पण यांचं ते एक यार्ड काही संपलं नाही. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. मध्ये फार तर अर्ध्या तासाचा रस्ता असेल.

यंदा पुन्हा बाद फेरी आली. रविवारी सामना, हरलो की वर्ष संपलं. मंगळवारपासून सहाही लाइन लुकलुकत होत्या. आमच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, घोटा सुजला होता, आणि त्या घोट्याबद्दल डॉक्टर सोडून सगळ्या गावाला माहिती होती. एकाने त्याला कोबीची पानं बांधायला सांगितली.

युजीनला घोट्याशी देणंघेणं नव्हतं.

"विल्माने फोन केला का गं?"

"नाही."

"नाताळपासून नाही केलेला."

"मुलीकडे गेली असेल."

"बाद फेरीत? शहाणा माणूस गाव सोडून जातो का?"

कार्यक्रमात तो तेच यार्डाचं म्हणाला आणि मग नुसता थांबून राहिला. शेवटी म्हणाला, "विल्मा, ऐकत असशील तर सांगतो, तू चुकली होतीस." परत थांबला. रेडिओवर शांतता म्हणजे दुकानाचं शटर पडल्यासारखं. कीथने जाहिरात लावली आणि काचेपलीकडून मला म्हणाला, "रोझान, या आठवड्यात त्याला नको जोडूस. समोरून कुणी उत्तरच देत नाही. भिंतीशी भांडतोय तो."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

फोन करणाऱ्यांचे नंबर माझ्याकडे असतात, पण ते आपणहून लावायचे नाहीत असा नियम आहे. बुधवारी डबा बाजूला ठेवून मी विल्माचा लावला. तिच्या मुलीने उचलला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी गेली म्हणाली, झोपेतच. मग तिने मला विचारलं, "तो लॅकवॉनाचा कोण हो? आई त्याचं बोलणं झाल्याशिवाय बाहेर पडायची नाही. एकदा दंतवैद्याची वेळ बदलून घेतली होती तिने."

हे मी युजीनला सांगायचं की नाही, यावर त्या संध्याकाळी गाडीवरचा बर्फ खरवडताना मी माझ्याशीच बरीच वादावादी केली. नाही सांगितलं तर तो वाट बघणार. सांगितलं तर कशाची वाट बघणार?

गुरुवारी तीन वीसला सांगितलं.  पलीकडून फक्त त्याच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता. कीथ घोट्याबद्दल बोलत होता, सात सेकंद मागे.

"युजीन, रेडिओ बंद करता का जरा?"

"नाही," तो म्हणाला. "माझी बायको एलेनॉर गेल्यापासून बंद नाही केला. फोनवर बोललो, की थोड्या वेळाने स्वयंपाकघरात कुणीतरी बोलतं. मला माहितीये, मीच असतो. तरी बोलतं." मग म्हणाला, "आज नको जोडूस. मला काही म्हणायचं नाहीये."

लॅकवॉनाच्या युजीनला काही म्हणायचं नव्हतं. 

शुक्रवारी तीन वीस झाले. तीन पंचवीस. लाइन सगळ्या पेटलेल्या, पण त्याचा नंबर त्यात नाही. तीन तीसला मी माझा मोबाइल काढला आणि आमचाच नंबर लावला. सहावी लाइन लुकलुकली. माझाच फोन मीच उचलला. कीथच्या पडद्यावर लिहिलं: रोझी, हॅम्बर्ग, जुन्या किकबद्दल. हॅम्बर्ग म्हणजे इथलंच शेजारचं गाव. आणि मोबाइल घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन कोटांच्या खुंट्यांपाशी उभी राहिले. असं करताना सापडलं तर नोकरी जाते.

"हॅम्बर्गच्या रोझी, बोला," कीथ म्हणाला.

"पहिल्यांदाच फोन करतेय. ऐकतेय मात्र अकरा वर्षं."

आवाज त्याने ओळखला. काचेतून त्याला माझी रिकामी खुर्ची दिसत असणार. मग शांतपणे म्हणाला, "बरं केलंत. काय म्हणताय?"

"ती किक बरोबर होती. एका यार्डासाठी अंगावर धावून जाणं याला शौर्य म्हणत नाहीत. लॅकवॉनाच्या लोकांना कारखान्यात सगळं ढकलायची सवय लागलेली, त्यांना वाटतं..."

तेवढ्यात डोक्यावरच्या स्पीकरमधून एक बाई म्हणाली, पहिल्यांदाच फोन करतेय. कॉरिडॉरमध्ये आमचं स्टेशन दिवसभर चालू असतं, हे मला आठवायला हवं होतं. मी अडखळले. पुढचं वाक्य विसरले. ती बाई मात्र बोलत राहिली, जरा घाबरलेली, आणि त्या रिकाम्या कॉरिडॉरमध्ये, ओल्या कोटांच्या वासात, मला क्षणभर वाटलं की कुणीतरी सोबतीला आलंय.

"एवढंच," मी म्हणाले आणि बंद केला.

खुर्चीत येऊन बसले. कीथ माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम. तीन चाळीस झाले. तीन बेचाळीसला दुसरी लाइन लुकलुकली.

"नाव, गाव, काय बोलायचंय," मी म्हणाले.

"ती हॅम्बर्गची बाई मूर्ख आहे."

"बरं."

"आणि तिला सांग, आधी रेडिओ बंद कर म्हणावं. मागून आवाज येत होता."

मी कीबोर्ड पुढे ओढला.

"विल्माची सर नाही तिला," तो म्हणाला. "विल्माने गाढव म्हटलं असतं."

"हॅम्बर्गची उद्या म्हणेल."

"उद्या शनिवार, रोझान."

शनिवार-रविवार आमचा कार्यक्रम नसतो.

"मग सोमवारी," मी म्हणाले. "जिंकलो काय, हरलो काय."

"तीन चाळीसला?"

"तीन चाळीसला."

त्याच्या मागे, कुठेतरी टेबलाजवळ, कीथ कुणाला तरी घोट्याबद्दल समजावत होता. मी कीथच्या पडद्यावर लिहिलं, युजीन, लॅकवॉना, आणि त्याला जोडला. रेडिओ बंद करा असं सांगितलं नाही.