माटवीचं ओझं

आजूबाजूला कोणी बघत नाही याची खात्री करून सहदेवने मखराचा खांब अंगठ्याने दाबला. मग जरा वर दाबला. कडेचा सोनेरी कागद नखाने किंचित उचकटून त्याने आतला पुठ्ठा पाहिला, आणि त्याच्या अंगावर आनंदाने काटा आला.

खांबाच्या पुठ्ठ्यातल्या नाळ्या उभ्या हव्या होत्या, त्या आडव्या होत्या.

दिंडोशीच्या त्या हॉलमध्ये त्याचा मेव्हणा जयवंत याच्या मखरांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन चाललं होतं. गणपतीला पाच आठवडे होते आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अनुपमा, म्हणजे सहदेवची बायको आणि जयवंतची थोरली बहीण, ठेवणीतली साडी नेसून दारात पेढे वाटत होती. नवरा धंद्यात बुडाला तेव्हापासून तिला मिरवायला मिळतं ते एवढंच, हे सहदेवला ठाऊक होतं. तरी ते बघताना त्याच्या पोटात दुखायचंच.

जयवंत गर्दीतून वाट काढत आला. "भावजी, कसं वाटलं नवीन मॉडेल? माटवीसकट आहे. सोसायटीवाले स्लॅबला हूक मारू देत नाहीत ना, म्हणून माटवी मखरालाच टांगायची. परत सगळं घडी होतं. गावी नेताना बॅगेत बसतं."

गणपतीच्या डोक्यावर नारळ, काकड्या, सुपारीचे घोस जिला टांगतात ती चौकट म्हणजे माटवी. ती नसली तर कोकणातल्या माणसाला गणपती आल्यासारखाच वाटत नाही. इथे मांडलेल्या माटवीला मात्र जयवंतने प्लास्टिकची फळं लावली होती. खरे नारळ चढले की हा खांब मधोमध दुमडणार, आणि नारळ थेट मूर्तीवर येणार.

"झकास," सहदेव म्हणाला.

सात वर्षांत मेव्हण्याच्या कामाला त्याने दिलेली ही पहिली शाबासकी. जयवंत बिचारा हरखला. सहदेवने त्या दिवशी तीन बटाटेवडे खाल्ले.

तसं पाहिलं तर मखरं हा सहदेवचा धंदा. जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंत 'सहदेवचं मखर' म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नसे. थर्माकोलच्या पाटीवर नुसत्या गरम तारेने तो मोर असा उतरवायचा की बघणाऱ्याने पिसं मोजावीत. जयवंत तेव्हा त्याच्याबरोबरच काम करायचा. पाडव्याच्या सुमाराला थर्माकोलवर बंदीची बातमी आली आणि जयवंत म्हणाला, "भावजी, यंदा पुठ्ठ्यात करूया. मी दोन नमुने केलेत, बघा तरी."

सहदेवने बघितले नाहीत. "पुठ्ठ्यात चपला येतत रे मेल्या, गणपती नाय!" चार कामगारांसमोर तो ओरडला होता. "ती बंदी ताटा-वाट्यांना आसा. देवाच्या कामाला कोण अडवतोय?"

देवाच्या कामाला अडवलं. श्रावण आला तरी गाळ्यातली छतापर्यंत रचलेली मखरं तशीच होती. घाबरून कोणी उचलेना, आणि कोणी मागितलं असतं तरी सहदेवला ते देण्याचा धीर नव्हता. शेवटी एका रविवारी त्याने ती स्वतःच गरम तारेने चिरली आणि पायाखाली घालून मोडली. त्याच्या हातून तार काढून घ्यायला अनुपमा धावली, त्या झटापटीत पांढरे दाणे तिच्या केसांत अडकले आणि पुढे कितीतरी दिवस उशीवर मिळत राहिले. जयवंत आधीच वेगळा झाला होता. पुढच्या वर्षी त्याची पुठ्ठ्याची मखरं बाजारात आली, आणि तेव्हापासून सहदेव म्हणत आला की जयवंतचं नशीब बलवत्तर, दुसरं काय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशातली गत.

पोटासाठी सहदेव कांजूरमार्गला खोकी बनवणाऱ्या एका शेडमध्ये लागला. नियतीला विनोद करायची हौस असते. पुठ्ठ्याला नावं ठेवणारा माणूस पुठ्ठाच कापायला बसला. तिथे पहिल्याच आठवड्यात धोंडू नावाच्या जुन्या कारागिराने त्याला शिकवलं की पुठ्ठ्याच्या पोटात जो नागमोडी कागद असतो, त्याच्या नाळ्या उभ्या ठेवायच्या. उभ्या असतील तर खोक्यावर माणूस उभा राहील. आडव्या कापल्या तर एका शीटमधून एखादा तुकडा जास्त निघतो, पण वजन पडलं की खोकं बसतं. जयवंतची जुनी मखरं छोटी, त्यांवर ओझं कसलं नव्हतंच. ही गोष्ट त्याला कळायला कारण घडलं नव्हतं.

"आज खुशीत दिसताय," घरी आल्यावर अनुपमा म्हणाली.

"तुझ्या भावाचं चांगलं चाललंय. बरं वाटलं."

तिने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "जयवंतला फोन करून सांगू? त्याला फार वाटतं हो, तुम्ही एकदा तरी चांगलं म्हणावं."

"म्हणालो की. झकास म्हणालो."

पुढचे आठ दिवस सहदेवने मजेत काढले. शेडमध्ये कापता कापता तो मनातल्या मनात चतुर्थीचा दुसरा दिवस बघायचा. फोन वाजतायत, लोक दारात आलेत, मूर्तीला धक्का लागला म्हणून कोणाच्या घरची म्हातारी रडतेय, आणि जयवंत डोकं धरून बसलाय. इथवर सगळं त्याला हवं तसं दिसे. पण जयवंत तिथून उठून कुठे जाणार? बहिणीकडे येणार. मग अनुपमा त्याच्या पाठीवर हात फिरवत बसणार, जशी सात वर्षांपूर्वी सहदेवजवळ बसली होती. हे चित्र काही केल्या पुढे सरकत नसे. तिच्यावर ही पाळी दुसऱ्यांदा आणायची, आणि तीही माहीत असून, हे सहदेवला जमेना. मेव्हण्याची दया त्याला तेव्हाही आली नाही. खोटं कशाला बोला?

रविवारी सकाळी तो दिंडोशीला जयवंतच्या गाळ्यात जाऊन उभा राहिला. भांडायची पूर्ण तयारी करून गेला होता. जयवंत 'तुम्हाला काय कळतं' म्हणेल, चार शब्द आपणही सुनवू आणि 'सांगून पाहिलं, ऐकलं नाही' म्हणत सुखाने घरी येऊ, असा सगळा हिशेब होता.

"तुझं नवीन मॉडेल पडणार," बसायच्या आधीच तो म्हणाला. चार माणसं काम करत होती, त्यांना ऐकू जाईल असंच बोलला. "खऱ्या माटवीने खांब मोडणार. नाळ्या आडव्या कापल्यास."

जयवंतने त्याच्याकडे पाहिलं. मग मागे वळून म्हणाला, "मशीन बंद करा रे."

मशीन बंद झालं. "दाखवा, भावजी."

सहदेवने दोन पट्ट्या कापल्या, एक उभ्या नाळीची, एक आडवी. दोन्ही टेबलावर खांबासारख्या उभ्या धरून वरून तळहाताने दाबल्या. एक तशीच राहिली, दुसरी मधोमध वाकली. जयवंतने वाकलेली पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"वाट लागली असती यार," तो हळूच म्हणाला. मग विचारलं, "कधी लक्षात आलं तुमच्या?"

खोटं सांगता आलं असतं. "उद्घाटनाला," सहदेव म्हणाला.

 मागच्या भिंतीला या आठ दिवसांत कापलेले खांब रचून ठेवले होते, त्यांच्याकडे जयवंतने पाहिलं. आता तो ओरडेल, हाकलून देईल, म्हणून सहदेव वाट पाहू लागला. हाकललं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"बरं," जयवंत म्हणाला. "आज तरी सांगितलंत. ताईला यातलं काही बोलू नका, तिला उगाच लागेल." आणि माणसांकडे वळून, "तो सगळा माल बाजूला काढा. नवीन शीटं आणा. भावजी सांगतील तसं कापायचं."

एवढंच. एक वाकलेली पट्टी बघून त्या माणसाने आठ दिवसांचं काम टाकून दिलं, चार कामगारांसमोर, आणि त्यात त्याला कमीपणाही वाटला नाही. सहदेव उभा होता तिथेच उभा राहिला. मखरांचा, गर्दीचा, नावाचा हेवा त्याने सात वर्षं केला होता. पण या मोकळेपणाचा जो हेवा आत्ता त्याच्या छातीत पेटला, त्यापुढे तो सगळा काहीच नव्हता. बंदी दोघांवर एकाच दिवशी आली होती. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता.

शीटं आली. जयवंतने पेन्सिल आणि आखायची लांब पट्टी पुढे केली. "पहिली रेघ तुम्ही मारून द्या."

सहदेवने पेन्सिल घेतली आणि तो शीटवर वाकला. पट्टी सारखी सरकत होती.  जयवंत समोरून वाकला आणि त्याने पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.