अँटनच्या घरावरचा बोजा

माझा नवरा रेनो सुतार. आमच्या खाणींच्या गावात कितीतरी घरांची दारं त्याच्या हातची. अँटन प्रेबिच त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तळं गोठलं की दोघं बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायचे आणि एकही मासा न आणता हसत परतायचे.

अँटनच्या बायकोला, मिल्काला, नसांचा आजार झाला आणि तिचे पाय गेले. चाकाची खुर्ची फिरावी म्हणून घरातली दारं रुंद करायची, न्हाणीघर वाढवायचं, असं काम निघालं. अँटनने ते केसलर नावाच्या ठेकेदाराला दिलं, केसलरने रेनोला. लाकूड, फरशी सगळं रेनोने उधारीवर आणलं. सुरुवातीलाच कायद्याप्रमाणे त्याने अँटनच्या हातात नोटीस ठेवली. ठेकेदाराने रेनोचे पैसे बुडवले, तर मालकाने पूर्ण पैसे भरलेले असले तरी रेनो घरावर बोजा चढवू शकतो आणि तो फिटेपर्यंत घर विकता येत नाही, असं तिच्यात होतं.

"दोस्ताला नोटीस? लाज नाही वाटत, लेका?" अँटन म्हणाला.

"सगळ्यांनाच देतो. घाल शेगडीत."

खुर्चीतून मिल्का ओरडली, "भांडणं नंतर करा! आधी माझी न्हाणी बांधा. मला टबात तासभर लोळायचंय."

रेनोने ती न्हाणी अशी बांधली, जणू माझ्यासाठीच बांधतोय. आधाराचे दांडे घासून घासून इतके गुळगुळीत केले, की तिचा हात कुठे खरचटू नये.

केसलरने अँटनकडून पूर्ण पैसे घेतले, रेनोला छदामही दिला नाही आणि दिवाळं काढून मोकळा झाला. लाकूडवाला आमच्या दारात येऊन बसायला लागला. कामगारांची मजुरी थकली. बोजा नोंदवायची मुदत संपत आली होती.

"अँटनने पैसे भरलेत रे," मी म्हटलं.

"माहितीय मला! पण मुदत टळली तर हक्कच जातो, आयली. मग आपलंच घर विकावं लागेल."

त्याने बोजा नोंदवला. अँटनला तोंडावर सांगायचं धाडस त्याला झालं नाही. कागद टपालाने गेला. अँटनचा फोन आला नाही. आम्हीही केला नाही.

शरद ऋतूत मिल्काचं दुखणं वाढलं. मुलगी मिनियापोलिसला होती, मोठं इस्पितळही तिथेच. घर विकून तिच्याजवळ जायचं त्यांनी ठरवलं. गिऱ्हाईकही मिळालं. पण कागदपत्रं तपासताना बोजा निघाला आणि व्यवहार अडला.

अँटन आमच्याकडे आला. टोपी हातात, दारातच उभा.

"ती मुलीला रोज विचारते, कधी येऊ म्हणून," तो म्हणाला. "मी काय सांगू, रेनो?"

रेनोने कोट घेतला आणि तसाच नोंदणी कचेरीत जाऊन बोजा उतरवला. पण गिऱ्हाईकाने तोवर दुसरं घर धरलं होतं. मग बर्फ पडलं. हिवाळ्यात आमच्याकडे घर कोण घेतं? मुलगी सुट्टी मिळेल तेव्हा यायची. जानेवारीत मिल्काने त्याच घरात प्राण सोडला. मुलगी वाटेत होती.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. रेनो कोपऱ्यात, ताटाला हातही न लावता बसला होता. अँटन त्याच्यासमोर येऊन बसला.

"तिला न्हाणी फार आवडायची," तो म्हणाला. "तुला सांग म्हणाली होती."

रेनोला रडू आवरेना. "अँटन, मी..."

"तुझी मजुरी होती ती. माझ्या जागी तू असतास, तर मीही हेच केलं असतं." अँटनने रेनोचं ताट त्याच्याकडे सरकवलं. "राग नाही रे. पण तू दिसलास की मला तो व्यवहार आठवतो. येऊ नकोस घरी."

लाकूडवाल्याची उधारी आम्ही गाडी विकून फेडली. वसंतात अँटनचं घर विकलं गेलं आणि तो मुलीकडे राहायला गेला. निघताना त्याने रेनोला फोन केला नाही. रेनो त्या दिवशी कामावर गेला नाही. स्वयंपाकघरात बसून होता, मी दोनदा कॉफी गरम केली, दोन्ही वेळा ती निवली.