कडीला बांधलेलं दावं

मी जनावरं चढवायचा धक्का बोलतोय. मला जास्त बोलायची सवय नाही. ऐकायचं असेल तर उभ्यानं ऐका. माझ्या अंगावर बसण्याजोगी जागा राहिलेली नाही.

आमचं गाव काष्टीपासून दोन कोसांवर. बाजारतळाच्या कडेला कानिफनाथ गवंड्यानं मला बांधलं. एका बाजूनं चढण, दुसऱ्या बाजूला टेम्पोच्या फाळक्याएवढी उंची. आत दगड, वरून सिमेंट. ओल्या सिमेंटवर त्यानं खराट्यानं रेघा ओढल्या, बैलाचा पाय घसरू नये म्हणून. वरच्या टोकाला एक लोखंडी कडी बसवली. "ह्यो हलायचा न्हाई," एवढं म्हणाला आणि थापी धुऊन निघून गेला. कामाची माणसं एवढंच बोलतात.

दर बाजारी माझ्यावरून बैल चढायचे. विकलेला बैल वर आणून माझ्या कडीशी थांबवायचे. घेणारा आपलं नवं दावं त्याच्या गळ्यात घालायचा. मग विकणारा आपलं जुनं दावं सोडायचा, गुंडाळायचा आणि घरची वाट धरायचा. आमच्याकडं जनावर विकतात, दावं विकत नाहीत. दावं घरी गेलं की दावण पुन्हा भरते, असं मानतात. ते हातात घेऊन जाणारा माणूस मागं वळून बघत नसे. बघितलं की बैल हंबरतो.

अशी किती माणसं पाठमोरी जाताना मी पाहिली, त्याला गणती नाही.

पुढं रस्ता डांबरी झाला. लोक जनावरं थेट काष्टीच्या बाजाराला नेऊ लागले. आमचा बाजार मोडला. दावी विकणारी बनुबाई तेवढी आणखी तीन बाजार येऊन बसली. चौथ्या बाजारी तीही आली नाही. माझ्यावर गवत उगवलं. मग कुणीतरी गोवऱ्या थापल्या. आज वार कोणता, हेही मला कळेनासं झालं. अशी नऊ वर्षं गेली.

एका दुपारी माझ्यावर खराटा फिरला. मी दचकलो. संस्कृती झाडत होती. बैलांचे दलाल आप्पासाहेब, त्यांची नात, दहावीतली. बरोबर हर्षल होता. त्याच्या मामानं पुण्याहून चार चाकांची फळी पाठवली होती, पण गावात ती चालवायला सपाट जागा नव्हती. माझ्यावरच्या रेघा खुरांनी कधीच झिजवल्या होत्या. पोरांना तेच हवं होतं.

"गुडघं वाकव की! बाभळीवानी ताठ काय उभी राह्यलीस?"

"तू गप. काल शेणात कोन पडलं हुतं?"

महिनाभरात सात-आठ पोरं झाली. फळ्या तीनच. पडायची, भांडायची, आळीपाळीनं खेळायची. बैल माझ्यावरून एकदाच जायचा, परत यायचा नाही. ही पोरं वरून खाली जायची आणि फळी काखेत मारून पुन्हा वर यायची. असं माझ्या जन्मात घडलं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, पण शाळा सुटायची वाट बघायला लागलो.

मग त्यांच्या मनानं घेतलं, गावाला धड स्केटपार्क पाहिजे. कापडावर तसं लिहून फलक केला आणि माझ्या कडीपासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणला. बांधायला संस्कृतीनं घरातलं दावं आणलं. आप्पासाहेबांच्या शेवटच्या बैलाचं. पोरं दारोदार सह्या मागत फिरली. लोक माझ्याजवळून जाताना हसायचे. "गायींच्या पायाला पन चाकं लावा म्हणावं, दूध लवकर डेअरीला पोचंल!"

त्याच आठवड्यात हर्षल पडला. माझा वरचा कोपरा फुटलेला आहे, त्यावर त्याचा गुडघा आपटला. सात टाके पडले. रक्त माझ्यावर वाळलं. इतक्या बैलांत माझ्यामुळं एकाचाही पाय मोडला नव्हता.

पोरांची मागणी ग्रामसभेत गेली, तिथं आप्पासाहेब आडवे आले म्हणे. "धक्का हाय की त्यांना. नवं कशाला?" शेवटी ठरलं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी येऊन धक्का बघायचा.

लोक येण्याआधी संस्कृती आणि हर्षल माझ्या चढणीवर बसली होती. हर्षलच्या पायाला पट्टी.

"धक्का बरा हाय म्हनलो तर पार्क मिळायचा न्हाई," हर्षल म्हणाला.

"पन आपन शिकलो हितंच."

"कोपरा फुटलाय का न्हाई?"

"फुटलाय."

"मग तेवढंच सांग."

पोरं हरली तर माझ्याकडंच राहणार होती. मी मनात म्हणालो, हरा. हे मी कबूल करतो. खोटं बोलायचं माझं वय गेलं.

गाव जमलं. आप्पासाहेबांनी काठीनं मला ठोकून बघितलं. "ह्याच्यावरनं मी तीस वर्सं बैल चढवलं. एकाला खरचटलं न्हाई. काय वाईट हाय ह्यात?"

संस्कृतीनं माझ्या कोपऱ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "आबा, धक्का आता सुरक्षित न्हाई. हर्षल ह्याच्यावरच पडला."

"माझं बैल कसं पडलं न्हाईत?"

"बैल हळू जातोय आबा. आमी न्हाई जात."

लोक हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. खाली वाकले, फुटक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. वाळलेलं रक्त बघितलं. मग ताठ झाले. "लिवा ठरावात. शाळंमागच्या जागेत करा." पहिला हात त्यांनी वर केला.

मला राग आला नाही. ती खरं बोलली होती.

पार्क व्हायला वर्ष गेलं. तोवर पोरं येत राहिली, पण कोपऱ्यापासून लांब. उद्घाटन झालं त्या दिवसापासून कुणी आलं नाही. मग एका संध्याकाळी संस्कृती एकटीच आली. उन्हापावसानं फलकाच्या चिंध्या झाल्या होत्या.

"आबा म्हनले, फलक ऱ्हाऊ दे, दावं तेवढं माघारी आन," ती म्हणाली. तिथं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे माझ्याशीच बोलली असावी.

गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडवली. दावं गुंडाळून हातात घेतलं आणि निघाली. मागं वळून बघितलं नाही. बरं केलं. मला हंबरता येत नाही.

आता पुन्हा गवत आलंय. वारा शाळेकडून असला की चाकांचा आवाज येतो. मी ऐकतो.

उद्या कुणी मला फोडायला आलं तर खुशाल फोडा. दगड कुणाच्या घराच्या पायात भरा. कडी मात्र भंगारात घालू नका. शाळेमागं नेऊन कुठंतरी बसवा. पोरांना फळ्या अडकवायला होईल.